चोरदिंडी आणि राजमार्ग

(पाली, पूर्वीचा वेल्हे तालुका, येथे भरलेल्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



राजगडावर जाण्याच्या दोन वाटा आपणा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. एक या पाली गावाकडून चढते. ती प्रशस्त आहे, पायऱ्यांची आहे, आणि पाली दरवाजातून अंबारीसकट हत्ती आत येत असे, असे सांगतात. तो राजमार्ग. दुसरी वाट गुंजवण्याकडून चोरदिंडीने वर जाते. ती अरुंद आणि खडी आहे. शेवटच्या टप्प्यात कातळाला हात टेकूनच चढावे लागते. गडावर पोहोचल्यावर मात्र पद्मावती माची दोन्ही वाटांनी आलेल्यांना सारखीच दिसते. आजच्या विषयाला हे रूपक लागू पडते, म्हणून आरंभीच त्याचे स्मरण.

विषय वरवर पाहता पोरकट वाटेल. संगणकावरील मोटारशर्यतीचा एक खेळ, आणि तो ज्या 'कॉपी'च्या तबकड्यांतून महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत पोहोचला त्या तबकड्या, हा तो विषय. २००५ च्या आसपास ज्यांनी दहावी-बारावीच्या परीक्षा दिल्या, ती पिढी आज पस्तिशी ओलांडून चाळिशीकडे निघाली आहे. या पिढीतील मित्र एकत्र आले आणि 'नीड फॉर स्पीड' हे नाव निघाले की बोलणे तासभर थांबत नाही. कोणाकडे पहिला संगणक आला, तबकडी कोणी कोठून आणली, भारनियमनाने वीज नेमकी शर्यत जिंकतानाच कशी गेली, याच्या आठवणी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. कार्यकर्त्याने या हळवेपणाची थट्टा करू नये. एखादी पिढी कशाच्या आठवणीने हळवी होते, हे पाहिले असता तिला काय मिळाले नव्हते याचाही उलगडा होतो.

खेळ आणि त्यातील जग

ही मालिका इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकी कंपनीने १९९४ साली सुरू केली. पुढे कॅनडातील व्हँकुव्हर येथील ईए ब्लॅक बॉक्स या तिच्या शाखेने २००३ मध्ये 'अंडरग्राउंड', २००४ मध्ये 'अंडरग्राउंड टू' आणि नोव्हेंबर २००५ मध्ये 'मोस्ट वाँटेड' असे तीन खेळ एकापाठोपाठ बाजारात आणले. यांतील शेवटचा आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय झाला. रॉकपोर्ट नावाच्या काल्पनिक शहरात एक अनामिक तरुण येतो. रेझर नावाचा प्रतिस्पर्धी कपटाने त्याची बीएमडब्ल्यू मोटार बळकावतो. ती परत मिळवायची तर पंधरा शर्यतपटूंच्या काळ्या यादीत तळापासून एकेक नाव मागे टाकीत वर चढावे लागते, आणि या साऱ्या काळात पोलिसांच्या गाड्या पाठीवर असतात.

फसवणुकीने हिरावलेली वस्तू स्वकष्टाने परत मिळवण्याची ही कथा कोणत्याही गरीब मुलाच्या मनाला भिडावी अशीच आहे. तिची मोहिनी मान्य करूनच तिच्यातील दोन गोष्टींकडे लक्ष वेधले पाहिजे. पहिली अशी की, पाठलागात पोलिसांच्या गाड्या आणि सार्वजनिक मालमत्ता यांची जी नासधूस होते, तिचा आकडा पडद्यावर 'राज्याला आलेला खर्च' म्हणून दिसतो आणि तो खेळणाऱ्याच्या पराक्रमात जमा होतो. सार्वजनिक पैशाची हानी ही व्यक्तीची कमाई ठरते, असे हे अर्थशास्त्र आहे. दुसरी गोष्ट अशी की, या सबंध शहरात पायी चालणारा माणूस औषधालाही सापडत नाही. रस्ते आहेत, पूल आहेत, मोटारी आहेत. माणूस तेवढा नाही. म्हणूनच तेथे वेगाला अपराधाची टोचणी लागत नाही.

प्रत्यक्षातील रस्ते असे निर्मनुष्य नसतात. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतील सुमारे पाचवा हिस्सा पादचाऱ्यांचा होता. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात एका भरधाव पोर्श मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ती गाडी एक अल्पवयीन मुलगा चालवीत होता असा आरोप आहे, आणि जामीन देताना त्याला अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा देशभर संताप उसळला. म्हणून खेळामुळे मुले बिघडतात असा सोपा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. पडद्यावरच्या मोटारीवर समाधान मानणाऱ्या लाखो मुलांच्या हातून कोणी मेले नाही. रस्त्यावर माणूस दगावतो तेव्हा त्यामागे प्रत्यक्षातील मोटार असते, आणि ती कोणाच्या दारात उभी असते हा वर्गाचा प्रश्न आहे.

तबकडीचे अर्थशास्त्र

आता हा खेळ येथे कसा पोहोचला ते पाहू. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणक व त्याचे भाग यांवरील आयात शुल्क शून्यावर आले. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत सुटे भाग विकत घेऊन जोडलेला संगणक कनिष्ठ मध्यमवर्गाच्या आटोक्यात येऊ लागला. कर्ज काढून, भिशी उचलून तो घरात आणला गेला. ज्यांना तेही शक्य नव्हते, त्यांच्यासाठी तासावर पैसे घेणारे सायबर कॅफे होते.

यंत्र स्वस्त झाले, परंतु यंत्रात घालावयाची आज्ञावली डॉलरच्या भावाने विकली जात राहिली. अधिकृत खेळाची किंमत हजार रुपयांच्या घरात असे. २००६ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा लागू झाला, तेव्हा महाराष्ट्रात त्यावरील मजुरी दिवसाला ४७ रुपये होती. म्हणजे वेल्ह्याच्या डोंगरात माती उचलणाऱ्या बाईने एकवीस दिवस राबावे आणि त्या साऱ्या मजुरीत तिच्या मुलाने एक खेळ विकत घ्यावा, असा तो व्यवहार होता. तो होणे अशक्य होते आणि तो झालाही नाही. झाले ते असे की, पदपथावर तीच वस्तू पन्नास-शंभर रुपयांना मिळू लागली, आणि एकदा वस्तीत आलेली तबकडी हातोहात दहा घरे फिरली. चित्रफिती आणि संगीत गाळून खेळ लहान करणे, मूळ तबकडीवाचून तो चालावा यासाठी 'क्रॅक' बसवणे, ही कामे सोळा-सतरा वर्षांची मुले परस्परांना शिकवू लागली.

याच काळात, २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गावोगावी नेला. त्या प्रयत्नाचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु संगणक उघडायचा कसा, बिघडला तर दुरुस्त कसा करायचा, आणि मुख्य म्हणजे त्याला घाबरायचे कसे नाही, हे असंख्य मुलांना पहिल्यांदा शिकवले ते त्या चोरीच्या तबकडीने. राजमार्गावरचा जकातनाका एकवीस दिवसांची मजुरी मागत होता, म्हणून एक सबंध पिढी चोरदिंडीने वर चढली.

तोट्याच्या आकड्यांचा हिशेब

आज्ञावली विकणाऱ्या कंपन्यांची बिझनेस सॉफ्टवेअर अलायन्स ही संघटना दर देशातील 'पायरसी'चे प्रमाण प्रसिद्ध करीत असे. तिच्या अंदाजाप्रमाणे भारतात हे प्रमाण २००४ मध्ये ७४ टक्के, २०११ मध्ये ६३ टक्के आणि २०१७ मध्ये ५६ टक्के होते. या अंदाजाला जोडून कोट्यवधी डॉलरच्या 'तोट्या'चा आकडा सांगितला जाई, आणि अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी कार्यालय भारताला वर्षानुवर्षे विशेष देखरेखीच्या यादीत ठेवी.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही या हिशेबातील चूक दिसावी. मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे. तिच्यामागे क्रयशक्ती असावी लागते. ज्या मुलाकडे हजार रुपये नव्हतेच, त्याने घेतलेली नक्कल ही हजार रुपयांची बुडालेली विक्री कशी ठरते? शिवाय धान्याचे पोते चोरले तर मालकाच्या कोठीत एक पोते कमी होते. नक्कल केली तर मूळ वस्तू जागच्या जागी राहते. अशा वस्तूची आणखी एक प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. तिच्यावर किंमत लावता येते ती कायद्याने मक्तेदारी दिल्यामुळे. निर्मितीला उत्तेजन मिळावे म्हणून अशी मक्तेदारी मर्यादित काळ देणे समाजाला मान्य होऊ शकते. परंतु ती समाजाने दिलेली सवलत आहे, निसर्गदत्त हक्क नव्हे, हे विसरता कामा नये.

आपल्या देशाने हे तत्त्व एकेकाळी ओळखले होते. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या बाबतीत वस्तूवर पेटंट नाकारले आणि केवळ प्रक्रियेवर दिले. त्यामुळेच २००१ मध्ये मुंबईची सिप्ला ही कंपनी एड्सवरील तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ शकली. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. तेव्हा सिप्लालाही चाचे म्हटले गेले. २००५ च्या दुरुस्तीने हा दरवाजा बराचसा बंद झाला. औषध आणि खेळ यांची तुलना एका पातळीवर होऊ शकत नाही, हे उघड आहे. एक जिवाची गरज आहे, दुसरे करमणूक. परंतु ज्ञानाची नक्कल ही सदैव आणि सर्वत्र चोरीच, हा दावा मात्र या उदाहरणाने कोसळतो. दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये विद्यापीठातील छायाप्रतींच्या खटल्यात, अध्यापनासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढण्यास कॉपीराइट कायद्यात वाव असल्याचे मान्य केले.

दुसरी बाजू

येथपर्यंतचे विवेचन ऐकून कोणी चोरीच्या तबकडीला क्रांतीचा झेंडा मानू लागेल, तर ती मोठी चूक ठरेल. चार गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत.

पहिली, पदपथावर तबकड्या विकणारा व्यापारी हा समाजवादी नव्हता. दुसऱ्याच्या श्रमावर कर चुकवून नफा मिळवणारा तो बाजाराचाच घटक होता. मित्राने मित्राला दिलेली प्रत आणि त्याने विकलेल्या हजार प्रती यांत कायद्यानेही फरक केला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात घातलेले ६३-ब हे कलम संगणकीय आज्ञावलीच्या चोरट्या प्रतीचा जाणीवपूर्वक वापर करणाऱ्याला किमान सात दिवसांच्या कैदेची तरतूद करते. परंतु वापर नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर कैद न देता केवळ दंड करण्याची मुभा न्यायालयाला देते.

दुसरी, नकलेने मक्तेदारी मोडली नाही, उलट पक्की केली. चोरीच्या विंडोजवर वाढलेल्या पिढीने नोकरीत आल्यावर तीच मागितली. मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांनी १९९८ मध्येच चीनच्या संदर्भात, लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचेच चोरावे, म्हणजे पुढे वसुली करता येईल, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. त्यांना बाजार कळत होता.

तिसरी, या आठवणींत मुली जवळजवळ नाहीत. संगणक घरात आला तो भावाच्या शिक्षणासाठी, आणि सायबर कॅफे ही मुलांची जागा होती. ज्या सुवर्णकाळाच्या आठवणी आज निघतात, त्या काळी बहीण पाणी भरत होती, याचीही नोंद त्या आठवणींत झाली पाहिजे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट श्रमिकांची. हे खेळ कोणीतरी घडवले. 'अंडरग्राउंड टू' बाजारात आला त्याच नोव्हेंबर २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्समधील एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने निनावी पत्र प्रसिद्ध केले. आठवड्यातून सहा-सात दिवस, आठवड्याला ऐंशी-पंच्याऐंशी तास काम, आणि जादा कामाचा मोबदला नाही, अशी ती कैफियत होती. त्यानंतरच्या तडजोडींत कंपनीने खेळांच्या चित्रकारांसाठी १ कोटी ५६ लाख डॉलर आणि प्रोग्रॅमरसाठी १ कोटी ४९ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. तबकडी चोरणाऱ्या पोराला चोर म्हणायचे, तर माणसाच्या आयुष्याचे न भरपाई केलेले तास घेणाऱ्याला कोणता शब्द योजावा? ब्लॅक बॉक्स ही शाखाही २०१३ मध्ये बंद झाली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी व त्याचे भागीदार यांनी ही संपूर्ण कंपनी ५५ अब्ज डॉलरला घेण्याचा करार जाहीर केला. खेळ घडवणारे हात त्या हिशेबात कोठे बसतात, हे कोणी विचारले नाही.

पुन्हा कुळाकडे

आज या प्रश्नाने नवे वळण घेतले आहे, आणि कार्यकर्त्यांनी त्याकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. तबकडी विकत घेतली की ती ग्राहकाची असे. ती उसनी देता येई, जुन्या बाजारात विकता येई, धाकट्या भावाला देता येई. आता खेळ, पुस्तक, गाणे, चित्रपट, कार्यालयातील आज्ञावली, सारे काही 'परवान्या'वर मिळते. पैसे भरावयाचे, वापर करावयाचा, मालकी मात्र कायम दुसऱ्याची.

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा 'द क्रू' हा २०१४ चा मोटारशर्यतीचाच खेळ. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि रोख पैसे मोजून घेतलेला तो खेळ ग्राहकांच्या घरात निर्जीव झाला. त्यातून युरोपात चळवळ उभी राहिली आणि जुलै २०२५ पर्यंत तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून, केवळ परवाना देत असताना ग्राहकाला तसे स्पष्ट न सांगता 'खरेदी' हा शब्द वापरण्यास विक्रेत्यांना मनाई केली.

या प्रश्नाचे मर्म समजायला महाराष्ट्रातील शेतकऱ्याला परदेशी उदाहरणाची गरज नाही. १९४८ च्या कुळकायद्याने आणि त्यानुसार १ एप्रिल १९५७ रोजी आलेल्या कृषकदिनाने, जो कसतो तो मालक हे तत्त्व कागदावर तरी आणले. त्यापूर्वी कूळ पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसून खंड भरी, आणि मालकाच्या मनात आले की बांधाबाहेर होई. ज्ञानाच्या शिवारात आज आपण सारे पुन्हा कुळे होत आहोत. फरक एवढाच की, तेव्हा मालकाचा कारभारी वाड्यात बसे. आज तो परक्या देशातील सर्व्हरमध्ये बसतो आणि खंड बँकेच्या खात्यातून परस्पर उचलतो.

या व्यवस्थेत संस्कृतीचे जतनही होत नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तेथील २०१० पूर्वीच्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात मिळत नाहीत. ज्या 'मोस्ट वाँटेड'ची आठवण काढली जाते, तोही संगणकासाठी कोणत्याही प्रमुख ऑनलाइन दुकानात नवा विकत मिळत नाही. म्हणजे ज्याच्या हाती आज पैसा आहे, प्रामाणिकपणे मोल द्यावयाची इच्छा आहे, त्या माजी 'चोरा'लाही राजमार्ग बंदच आहे. तो खेळ जिवंत राहिला आहे तो जुन्या तबकड्यांत आणि जपून ठेवलेल्या नकलांत.

कार्यक्रम काय असावा?

चित्रपटांसाठी १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. ग्रंथांसाठी १९५४ चा ग्रंथप्रदान कायदा आहे, आणि महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. पुस्तक विकत घेणे न परवडणाऱ्या मुलाने ते चोरू नये, ग्रंथालयातून न्यावे, अशी सोय समाजाने केली. आज्ञावलीच्या बाबतीत अशी कोणतीही सोय न करता त्याच मुलाला केवळ चोर म्हटले गेले. येथे आपल्या मागण्यांना जागा आहे.

शासकीय शाळा आणि कार्यालये यांत मुक्त आज्ञावलीचा वापर व्हावा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जिचा आरंभ केला, त्या चळवळीतील आज्ञावली वापरण्याचे, तपासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असते. केरळने आपल्या शाळांत ती आणून दाखवली आहे. महाराष्ट्राला ते अशक्य नाही. मालकाने विक्री थांबवली किंवा सर्व्हर बंद केला, तर त्या कृतीचे जतन आणि जतनासाठी नक्कल कायदेशीर ठरावी. ग्रंथालयांना या कृती वाचकांना उपलब्ध करून देण्याचा अधिकार मिळावा. पैसे भरून घेतलेली वस्तू ग्राहकाकडून परस्पर काढून घेण्यास बंदी असावी. आणि हे सारे घडवणाऱ्या कामगारांच्या कामाच्या तासांवर मर्यादा यावी. व्हँकुव्हरचा प्रोग्रॅमर आणि हिंजवडीचा प्रोग्रॅमर यांचे दुखणे एकच आहे.

या मागण्या घेऊन जाताना त्या पिढीशी बोलण्याचा मार्ग तिच्या आठवणींतूनच जातो. एकेकाळी पडद्यावर घड्याळाशी शर्यत लावणारा मुलगा आज कदाचित पाठीवर जेवणाची पेटी घेऊन पुण्याच्या रस्त्यावर दुसऱ्याच्या घड्याळाशी शर्यत लावीत असेल. त्याला शर्यतीच्या नियमांविषयी विचारले पाहिजे. ते कोणी केले? जिंकल्यावर मिळते काय? त्याची हिरावलेली गाडी कोणाकडे आहे?

चोरदिंडीने वर आलेल्या माणसाला दोष देण्यापूर्वी राजमार्गावर नाका कोणी बसवला हे पाहावे. परंतु गडाचा सारा व्यवहार चोरदिंडीवर चालत नाही. म्हातारे, बायका, लहान मुले त्या कातळावरून चढू शकत नाहीत, आणि हुशार चार मुले वर पोहोचली म्हणून खाली राहिलेल्यांचा प्रश्न सुटत नाही. पालीची ही वाट नाक्याशिवाय सर्वांसाठी खुली करणे हे आपले काम आहे.